कॅमेऱ्यावर बटणे हवीत की काच? गड्डा यात्रेच्या आधी एक प्रश्न

माळरानी (धागाकर्ता) – ४ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

मी सोलापुरात शिक्षक आहे आणि हिवाळ्यातल्या बहुतेक रविवारी पहाटे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पक्षी टिपत असतो. माझा डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) आता अकरा वर्षांचा झाला असून त्याची अंगठ्याखालची डायल दगा देऊ लागली आहे. तीन खटके फिरवले तर ती कधी दोनच मोजते, तर कधी एक खटका उलट्या दिशेला जाते. दुरुस्तीसाठी तो पुण्याला पाठवावा लागेल आणि सुटा भाग मिळेलच, असे सांगायला दुकानदार तयार नाहीत. त्यामुळे आता मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा, असे ठरवले आहे.

दोन कॅमेरे हातात घेऊन पाहिले. पहिल्याच्या पाठीवर मोजून चार बटणे आहेत आणि उरलेला सगळा कारभार टचस्क्रीनवर चालतो. दुसऱ्याच्या डोक्यावर शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील राहायचे) आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (छायाचित्र किती उजळ वा गडद हवे) यांच्या स्वतंत्र डायल आहेत; टचस्क्रीन त्यालाही आहे, पण तिच्यावाचून काही अडत नाही. बरोबर आलेल्या भाच्याने विचारले, "मामा, बँकेचे व्यवहारसुद्धा तुम्ही काचेवर बोट फिरवून करता, मग कॅमेऱ्याच्या बाबतीतच बटणांचा हट्ट कशासाठी?" मला त्याला पटेल असे उत्तर देता आले नाही. हा हट्ट निव्वळ सवयीचा आहे की त्यामागे काही कारण आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी निर्णय घ्यायचा आहे.

कोणती कंपनी श्रेष्ठ, हा वाद कृपया येथे नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि ते कधीच संपत नाहीत.


स्टुडिओवाला – ४ डिसेंबर, रात्री १०:४५

माझा नवी पेठेत स्टुडिओ आहे आणि वीस वर्षांहून अधिक काळ मी लग्ने टिपतो आहे, त्यामुळे माझे उत्तर एकतर्फी वाटले तर समजून घ्यावे.

मंगलाष्टके चालू असताना छायाचित्रकाराला कॅमेऱ्याकडे पाहायला उसंत नसते. अंतरपाट कधी बाजूला होईल, वधूचा मामा कोणत्या बाजूने मध्ये येईल आणि कोणत्या आजोबांचा फेटा चौकटीत घुसेल, याकडे त्याला लक्ष ठेवावे लागते. मंडपातला उजेडही एकसारखा नसतो; स्टेजवर दिव्यांचा लखलखाट असतो, तर चार पावलांवर अंधार. अशा वेळी मी शटर किंवा अ‍ॅपर्चर (लेन्समधले छिद्र किती उघडायचे) आकडे वाचून बदलत नाही, खटके मोजून बदलतो. बहुतेक कॅमेऱ्यांत डायलचा एक खटका म्हणजे एक तृतीयांश स्टॉप असतो, म्हणून तीन खटके फिरवले की उजेड दुप्पट होतो किंवा निम्मा. स्टेजवरून वळून मंडपाच्या मागच्या रांगेकडे कॅमेरा फिरवेपर्यंत माझ्या अंगठ्याने सहा खटके पुरे केलेले असतात आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून (डोळा लावून पाहायच्या खिडकीवरून) हललेलाही नसतो. काचेवर हे मोजणे शक्य नाही, कारण काचेला खटका नसतो. बोट किती सरकले, हे बोटाला कळतच नाही. ते डोळ्यानेच पाहावे लागते.

हळदीच्या कार्यक्रमाविषयी तर बोलायलाच नको. यजमानीणबाई मोठ्या प्रेमाने आमच्याही गालाला हळद लावतात, ती पुसताना हाताला लागते आणि तेथून काचेवर जाते. बटणालाही हळद लागते, पण पिवळे बटण दाबले जाते.


डावा डोळा – ५ डिसेंबर, सकाळी ७:२०

सदस्यनामावरून कल्पना आली असेलच. मी डाव्या डोळ्याने व्ह्यूफाइंडर पाहतो, त्यामुळे माझे नाक थेट पडद्यावर टेकते. पहिला टचस्क्रीन कॅमेरा घेतला, तेव्हा फोकसचा चौकोन आपोआप पळत असल्याचे पाहून मी तो बिघडलेला समजून परत नेला होता. दुकानातल्या मुलाने दोन छायाचित्रे काढायला लावली आणि अत्यंत नम्रपणे सांगितले, "काका, फोकस तुमचे नाक निवडत आहे."


कंबरतलाव – ५ डिसेंबर, दुपारी १:०५

नाकाचा किस्सा आवडला, पण त्यावरून टचस्क्रीनला दोषी ठरवू नये. डोळा व्ह्यूफाइंडरला लागल्यावर पडद्याचा केवळ आपण निवडलेला अर्धा किंवा चतुर्थांश भाग स्पर्शाला प्रतिसाद देईल, अशी सोय आता अनेक कॅमेऱ्यांत असते. उघडमीट होणारा पडदा असेल, तर तो आतल्या बाजूला वळवून बंदही करता येतो.

मी प्रामुख्याने व्हिडिओ करतो, त्यामुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. फोकसचेच उदाहरण घेऊ. जुन्या साध्या डीएसएलआरमध्ये नऊ फोकस पॉइंट, म्हणजे फोकस साधता येईल अशा ठरावीक जागा, असत. चार दिशांच्या बटणांनी नवातला एक निवडायला दोन-तीन दाब पुरत. पुढे पॉइंट वाढत गेले आणि बटण दाबून दाबून अंगठा दुखू लागला. पॉइंट झटपट निवडता यावा म्हणून कॅननने २००४ मध्येच २०डीच्या पाठीवर छोटी जॉयस्टिक दिली होती. २०१८ च्या सोनी ए७ III मध्ये तर ६९३ फोकस पॉइंट आहेत. एवढ्या गर्दीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जॉयस्टिकने जाणे म्हणजे सात रस्ता चौकात जायला प्रत्येक गल्लीत थांबणे आहे. बोटाने ती जागा दाखवली की काम संपले.

गड्ड्याचा उल्लेख झाला आहे, म्हणून तेथलेच सांगतो. नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक येते, तेव्हा समोर माणसांची भिंत उभी असते आणि कॅमेरा डोळ्याला लावून काहीही दिसत नाही. हात उंच करून, पडदा खाली झुकवून, काठी पेलणाऱ्या मानकऱ्याच्या चेहऱ्यावर मी बोट टेकवतो. फोकस आणि छायाचित्र दोन्ही एका स्पर्शात होतात. बटणांचे भक्त त्या वेळी उड्या मारत असतात.

व्हिडिओ घेताना डायलचा खटका माइकमध्ये ऐकू येतो, हाही मुद्दा लहान नाही. कॅननने २०१२ मध्ये ५डी मार्क III च्या मागच्या मोठ्या चक्रीच्या आतल्या कड्याला स्पर्श ओळखण्याची सोय दिली होती, ती व्हिडिओ चालू असताना आवाज न करता मापे बदलता यावीत म्हणूनच. म्हणजे बटणांचा बालेकिल्ला मानल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यातही स्पर्शाने तेव्हाच शिरकाव केला होता.


जुना रोल – ५ डिसेंबर, रात्री ८:३०

माझा कॅमेऱ्याशी संबंध रोलच्या काळापासूनचा असल्यामुळे थोडे मागचे सांगण्याची परवानगी घेतो.

१९८२ च्या निकॉन एफएम२ वर शटरची डायल डोक्यावर आणि अ‍ॅपर्चरचे कडे लेन्सवर असे. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढतानाच, तो चालू न करता, कोणत्या मापावर आहे हे दिसत असे. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि त्याने या डायल काढून त्यांच्या जागी वर-खाली करणारी बटणे दिली. त्या काळच्या जाणत्यांची तक्रार आजच्या तुमच्या तक्रारीसारखीच होती: हाताला काही कळत नाही, आकडा वाचावा लागतो. पुढच्याच वर्षी कॅननने टी९० मध्ये शटरच्या बटणामागे, तर्जनीखाली, एक चक्री बसवली. आपण आज "डायल" म्हणून जिचे गोडवे गातो आहोत, ती बहुतांशी हीच चक्री आहे. थोडक्यात, ज्याला तुम्ही परंपरा म्हणता, तीही एका तक्रारीवर काढलेला तोडगा होता.

काचेच्या बाबतीत उत्पादकही चुका करत शिकले आहेत. पॅनासोनिक जी२ ने २०१० मध्ये लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याला पहिल्यांदा टचस्क्रीन दिली, तर डीएसएलआरमध्ये ती २०१२ च्या कॅनन ६५०डी बरोबर आली. लायकाने २०१४ मध्ये 'टी' हा कॅमेरा काढला. पाठीवर जवळजवळ सगळी ३.७ इंची काच आणि डोक्यावर काहीही न लिहिलेल्या दोन चक्र्या. दिसायला तो देखणाच होता. कॅननने २०१८ च्या ईओएस आर वर बोट सरकवण्याची एक स्पर्शपट्टी दिली आणि २०२० च्या आर५ व आर६ मध्ये ती गुपचूप काढून टाकली. दुसऱ्या बाजूला, निकॉनने २०२३ मध्ये झेड एफ काढला, तेव्हा त्याला डोक्यावर डायल दिल्या आणि पाठीवर टचस्क्रीनही ठेवली.

एक अवांतर. माझे वडील यंत्रमागावर होते. सूत तुटले की त्यांचा हात माग थांबवण्याच्या दांडीवर जात असे, पण नजर सुतावरून हटत नसे. ती दांडी वेगळी ओळखता यावी म्हणून कोणी तिला रंग दिला नव्हता. ती रोज त्याच जागी असे, एवढेच पुरेसे होते.


संधारित्र – ६ डिसेंबर, सकाळी ११:१५

आतापर्यंतच्या चर्चेत काच काम कसे करते, हे कोणी सांगितलेले नाही. ते कळले, तर हळदीचा, घामाचा आणि हातमोज्यांचा प्रश्न एकदमच उलगडेल.

आजच्या कॅमेऱ्यांची टचस्क्रीन दाब ओळखत नाही. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची पारदर्शक जाळी असते आणि तिच्याभोवती एक मंद विद्युतक्षेत्र असते. आपले बोट वाहक असल्यामुळे ते जवळ आले की त्या जागेची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि हा बदल मोजून कॅमेरा जागा ठरवतो. लोकरीचा किंवा सुती हातमोजा मध्ये आला की बोट दूर राहते आणि बदल मोजण्याइतका होत नाही. उलट पाण्याचा किंवा घामाचा थेंबही वाहक असतो, त्यामुळे पावसाळ्यात किंवा आपल्याकडच्या मे महिन्यात, जेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो आणि कपाळावरचा घाम पाठीमागच्या पडद्यावर ठिबकतो, तेव्हा कॅमेऱ्याला बोट नसतानाही बोट दिसते. सुरुवातीच्या काही टचस्क्रीन दोन थरांच्या असत आणि प्रत्यक्ष दाबावर चालत. त्या हातमोज्याने चालत, पण नखाने टोचल्यासारखे दाबावे लागे. म्हणून त्या मागे पडल्या.

बटणांची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. प्रत्येक बटण आणि प्रत्येक डायल म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगाला पाडलेले एक भोक असते. त्यातून धूळ आणि ओल आत जाऊ नये म्हणून रबरी कडी बसवावी लागतात आणि ती वर्षांनुवर्षे झिजतात. धागाकर्त्यांच्या डायलचे खटके चुकण्यामागे बहुधा आतल्या संपर्कपट्ट्यांवर बसलेली माळाची बारीक धूळ किंवा चढलेला गंज असावा. काचेत हलणारा भागच नसल्याने हा आजार तिला होत नाही; ती एकतर चालते किंवा फुटते.


स्टुडिओवाला – ६ डिसेंबर, दुपारी ३:४०

माहितीबद्दल आभार. मात्र काच फुटली की संपूर्ण पडदाच बदलावा लागतो, हेही येथे नोंदवून ठेवावे. डायल अर्धवट चालत असताना मी एक अख्खी लग्नसराई निभावली आहे.


कंबरतलाव – ६ डिसेंबर, सायंकाळी ६:२५

आणि मी मागच्या हिवाळ्यात हुरडा पार्टीचे चित्रण शेंगदाणा चटणीच्या तेलकट बोटांनी केले आहे. पडद्याची दशा पाहवत नव्हती, पण फोकस एकदाही चुकला नाही. दोन्हीकडच्या कहाण्या अशाच चालू राहिल्या, तर माळरानींना निर्णय घेता येणार नाही. त्यांनी दोन्ही कॅमेरे एकेक दिवस मागून घ्यावेत आणि नान्नजला न्यावेत, अशी माझी सूचना आहे.


माळरानी – १५ डिसेंबर, रात्री ९:५०

सूचना मानली. दुकानदार परिचयाचे असल्यामुळे दोन्ही कॅमेरे शनिवार-रविवार मिळाले. जे अनुभवले ते सविस्तर लिहितो.

शनिवारी पहाटे काचेचा कॅमेरा घेऊन गेलो. मोटारसायकलवर थंडी वाजत होती, म्हणून लोकरीचे हातमोजे होते आणि ते काढेपर्यंत काळविटांचा कळप रस्ता ओलांडून गेलेला होता. संधारित्र यांचे स्पष्टीकरण वाचूनही मी ते विसरलो, हा माझा दोष. उजाडल्यावर एक भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालत येताना दिसला. तो पिवळ्या गवतावर असताना एक्स्पोजर ठीक होते, पण तो वर उठून आकाशाच्या पार्श्वभूमीवर आला की काळा ठिपका होत होता आणि मला एक्स्पोजर वाढवायचे होते. त्यासाठी डोळा काढावा लागला, पडद्यावरची पट्टी शोधावी लागली आणि तोवर सूर्य चढल्याने पडद्यावर माझाच चेहरा दिसू लागला होता. पक्षी माळाच्या पलीकडच्या अंगाला गेला.

मात्र त्याच कॅमेऱ्याने मला एक छायाचित्र दिले, जे माझ्या जुन्या कॅमेऱ्याने कधीच दिले नसते. वाटेच्या कडेला एक चंडोल जमिनीवर बसला होता. मी खाली झोपू शकलो नाही, कारण खाली काटे होते. कॅमेरा जमिनीपाशी धरला, पडदा वर उचलला आणि गवताच्या काड्यांच्या गर्दीतून नेमका त्याच्या डोळ्यावर बोट टेकवले. काड्यांवर फोकस गेला नाही.

रविवारी दुसरा कॅमेरा नेला. भोवत्या पुन्हा दिसला आणि या वेळी अंगठ्याने एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची डायल तीन खटके फिरवली. पंखांच्या आतल्या बाजूचे पट्टे दिसतील इतके स्वच्छ छायाचित्र मिळाले.

या दोन दिवसांनी माझा मूळ प्रश्न बदलला. आपण ज्यांना सरसकट "सेटिंग" म्हणतो, त्या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. फोकस कोठे हवा, ही जागा आहे. ती बोटाने दाखवण्यासारखी आहे, आपण माणसालाही ती बोटानेच दाखवतो. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि एक्स्पोजर ही मापे आहेत. ती कमीजास्त करण्याची असतात, आणि कमीजास्त करायला मोजता येईल असा खटका लागतो. कंबरतलाव यांनी आतापर्यंत दिलेले जवळजवळ प्रत्येक उदाहरण जागेचे आहे आणि स्टुडिओवाला यांचे प्रत्येक उदाहरण मापाचे आहे. हे दोघे एकमेकांना खोडत आहेत, असे मला आता वाटत नाही.


कंबरतलाव – १५ डिसेंबर, रात्री १०:३५

पटले. व्हिडिओतला आवाजाचा मुद्दा तेवढा या विभागणीत बसत नाही. तेथे माप असूनही मला काचच हवी.

भर म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. जागा दाखवण्याचे कामही आता हळूहळू बोटाकडून निघून चालले आहे. माणसाचा, प्राण्याचा आणि पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस स्वतःच त्यावर बसवणारे कॅमेरे २०२० नंतर सर्रास झाले आहेत. तुमचा भोवत्या उघड्या आकाशात होता, तेव्हा फोकस कॅमेऱ्यानेच शोधला असणार. बोटाची गरज उरते ती गवताआडच्या चंडोलासारख्या ठिकाणी, किंवा दहा चेहऱ्यांतला नेमका कोणता, हे सांगायचे असते तेव्हा.


स्टुडिओवाला – १६ डिसेंबर, सकाळी ९:००

दहा चेहऱ्यांतला नेमका कोणता, हे लग्नात कॅमेऱ्याला कधीच कळत नाही. त्याला नवरदेवाचा मित्र जास्त आवडतो. तेवढ्यापुरते मी बोट मान्य करतो.


डावा डोळा – १६ डिसेंबर, दुपारी १२:१०

आणि नाक?


माळरानी – १८ जानेवारी, रात्री ८:१५

उशिराबद्दल क्षमस्व. दुसरा, म्हणजे डोक्यावर डायल असलेला कॅमेरा घेतला आणि तो गड्ड्यात वापरूनही झाला. व्ह्यूफाइंडर वापरताना टचस्क्रीनचा केवळ उजवा वरचा चतुर्थांश चालू ठेवला आहे.

एक फजिती मात्र येथे नोंदवायला हवी, कारण या धाग्यात कोणीच तिची पूर्वसूचना दिली नव्हती. अक्षता सोहळ्यात, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहात, मला दोन तऱ्हेची छायाचित्रे हवी होती. एकात दाणे हवेत गोठलेले दिसावेत, म्हणून शटर १/५०० ठेवले होते. दुसऱ्यात दाण्यांच्या रेघा दिसाव्यात, म्हणून ते १/६० वर आणायचे होते. हे अंतर तीन स्टॉपचे, म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या सवयीने नऊ खटक्यांचे. सोहळा होतो त्या संमती कट्ट्याकडून "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" ऐकू आले, चहूकडून अक्षता उडाल्या, पहिले छायाचित्र मनासारखे मिळाले. मी डोळा न काढता, मोठ्या अभिमानाने, नऊ खटके मोजले आणि पुन्हा बटण दाबले. शटर बंदच होईना.

डोक्यावरच्या शटर डायलवर एक खटका म्हणजे एक तृतीयांश स्टॉप नसतो, पूर्ण स्टॉप असतो. १/५०० पासून नऊ पूर्ण स्टॉप खाली आले की १ सेकंद होतो. भर दुपारच्या उन्हात १ सेकंद उघडे राहिलेले शटर. छायाचित्र म्हणजे कोरा पांढरा कागद. अक्षता पुन्हा उडेपर्यंत चूक लक्षात आली, म्हणून रेघांचे छायाचित्र कसेबसे मिळाले.


जुना रोल – १८ जानेवारी, रात्री ८:५०

मी एफएम२ चे गुणगान केले, तेव्हाच हे सांगायला हवे होते. आमच्या वेळी तीन खटके म्हणजे तीनच स्टॉप असत, त्यामुळे तुमचा खटका वेगळा असेल, हे माझ्या ध्यानातच आले नाही. बहुधा तुमच्या डायलवर एक तृतीयांश स्टॉपची वेगळी खूण असेल. तेथे ती ठेवली की माप अंगठ्याखालच्या चक्रीकडे जाते.


माळरानी – १८ जानेवारी, रात्री ९:२०

आहे, सापडली. आता ती डायल त्याच खुणेवर ठेवून कुलूप लावले आहे आणि मी पूर्वीसारखाच अंगठ्याने खटके मोजतो.


स्टुडिओवाला – १८ जानेवारी, रात्री ९:३५

म्हणजे ज्या डायलसाठी एवढा मोठा धागा झाला, ती यापुढे फिरणारच नाही?


माळरानी – १८ जानेवारी, रात्री ९:४०

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची फिरते. शटरची फिरणार नाही. दिसते मात्र छान.